कार्डं सहा, मशीन एकच : ‘कामगार कायद्यांनी उद्योग घालवले’ या दाव्याला उत्तर

जुने केंद्रीय कामगार कायदे एकत्र करणाऱ्या चार श्रमसंहिता 21 नोव्हेंबर 2025 ला लागू झाल्या आणि एक जुना मजकूर पुन्हा फिरायला लागला. मला तो तीन ग्रुपवर आला. एकदा तर ज्यांचा स्वतःचा मुलगा ठेक्यावर कामाला आहे, त्यांनीच पाठवला. म्हणणं थोडक्यात असं : संपांनी मुंबईच्या गिरण्या बुडवल्या. आपल्याकडे कामगाराला काढताच येत नाही, म्हणून कारखाने मोठे होत नाहीत. चीनने कामगारांचे असे लाड केले नाहीत, म्हणून तो पुढे गेला. जागतिकीकरणात दुसरा इलाजच नसतो. आता कायदे सैल झालेत, तर नोकऱ्या येतील.

मी एका औद्योगिक वसाहतीत संध्याकाळी कामगारांचे पीएफचे आणि ग्रॅच्युइटीचे अर्ज भरून देतो. माझ्यासमोर जे कागद येतात ते या मजकुराशी जुळत नाहीत. म्हणून त्यातलं एकेक वाक्य घेऊन लिहितो आहे.

‘संपांनी गिरण्या बुडवल्या’

18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि तो संप रीतसर मागे असा कधी घेतलाच गेला नाही. त्यात घरं उद्ध्वस्त झाली, पोरांच्या शाळा सुटल्या. संपाचं नेतृत्व करणाऱ्या डॉ. दत्ता सामंतांनी इतकं ताणायला नको होतं, असं म्हणणारे गिरणी कामगार मला भेटले आहेत आणि त्यांच्याशी मी वाद घालत नाही. ज्याने सोसलं त्याचा तो अधिकार आहे.

पण गिरण्यांचं दुखणं संपाच्या आधीपासूनचं होतं. देशभरातल्या 103 आजारी गिरण्यांचं राष्ट्रीयीकरण करणारा कायदा संसदेने 1974 मध्ये केला, म्हणजे संपाच्या आठ वर्षं आधी. 1956 पासून सरकारी धोरणानेच गिरण्यांच्या मागांची संख्या गोठवली होती. विणाईचं काम भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागांकडे सरकत होतं. तिथे पाळी बारा तासांची आणि मजुरी मीटरवर. संप चालू असतानाही कित्येक गिरण्यांचं कापड भिवंडीत विणून येत होतं.

आता त्या संपाच्या मागण्या बघा. पगारवाढ होती, बदली कामगारांना (गैरहजर कामगाराच्या जागी घेतल्या जाणाऱ्यांना) कायम करण्याची मागणी होती, आणि तिसरी होती 1946 चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा रद्द करण्याची. या कायद्याने गिरण्यांसाठी एकच प्रतिनिधी युनियन ठरवली होती, राष्ट्रीय मिल मजदूर संघ. कामगारांचा तिच्यावरचा विश्वास उडाला होता, तरी करार करायचा अधिकार तिचाच. म्हणजे कामगाराला आपला माणूस निवडू न देणारा कायदा हे त्या संपाचं एक कारण होतं. कायद्याने कामगारांना डोक्यावर चढवून ठेवलं होतं, असं सांगणाऱ्याने हा भाग वगळू नये.

आणि संपानंतर? 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या 58 व्या नियमाने गिरणीची जमीन विकसित करायला वाट दिली. एक तृतीयांश महापालिकेला, एक तृतीयांश म्हाडाला, उरलेली मालकाला. 2001 मध्ये त्या नियमात बदल झाला आणि ही वाटणी फक्त मोकळ्या जमिनीपुरती उरली. 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम केला. सुमारे 600 एकर जमीन, तीही मुंबईच्या मधोमध. गिरणी चालवून जे मिळणार होतं त्याच्या कितीतरी पट गिरणी बंद ठेवून मिळणार होतं. हा हिशेब कोणत्याही युनियनने मांडलेला नव्हता.

‘आपल्याकडे कामगाराला काढताच येत नाही’

हे वाक्य मी शिकलेल्या, समंजस माणसांकडूनही ऐकतो, म्हणून इथे जास्त वेळ थांबतो.

1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात 1976 मध्ये एक प्रकरण घातलं गेलं. 300 किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या कारखान्याला कामगार कपात किंवा कारखाना बंद करायचा असेल तर सरकारची परवानगी लागेल, असं ते प्रकरण सांगत होतं. पुढे ही मर्यादा 100 वर आली. मजकुरातला सगळा राग याच तरतुदीवर आहे. पण देशातल्या बहुसंख्य कारखान्यांत शंभरसुद्धा कामगार नसतात. त्यांना ही परवानगी कधीच लागत नव्हती. एक महिन्याची नोटीस किंवा तिचा पगार, आणि दर वर्षाच्या नोकरीमागे 15 दिवसांचा पगार, एवढं दिलं की झालं. मोठ्या कारखान्याच्या अर्जावर सरकारने 60 दिवसांत उत्तर दिलं नाही, तर परवानगी मिळाली असंच धरलं जात होतं. तीही सोय कायद्यातच होती.

शिवाय 15 दिवसांचा हा हक्क मिळायला वर्षात 240 दिवस भरावे लागतात. औद्योगिक वसाहतीत दोनशेचाळीस हा आकडा लहान मुलालाही माहीत असतो. दिवस भरत आले की ‘ब्रेक’ देतात. माणूस आठ-पंधरा दिवस घरी बसतो आणि नव्या ठेकेदाराच्या नावावर पुन्हा त्याच गेटमधून आत येतो.

गेल्या पावसाळ्यात एक गृहस्थ माझ्याकडे आले. रबर लावून बांधलेली सहा ओळखपत्रं त्यांनी टेबलावर ठेवली. एका कारखान्यात तेरा वर्षं एकाच पॉवर प्रेसवर काम. कार्डावर दर वेळी ठेकेदाराचं नाव वेगळं. पहिल्या कार्डावरच्या फोटोत दाट काळे केस, सहाव्यावर कानशिलं पांढरी. सहाही कार्डांवर हुद्दा ‘हेल्पर’. प्रेस चालवणारा माणूस कागदावर तेरा वर्षं हेल्परच राहिला, कारण हेल्परला अकुशल कामगाराचं किमान वेतन दिलं की भागतं. पीएफच्या खात्यावर त्यांनी सहा वेळा नोकरी सोडल्याची नोंद होती. ते म्हणाले, ‘साहेब, मी एकदाही सोडली नाही.’

हे गृहस्थ अपवाद नाहीत. उद्योगांच्या वार्षिक पाहणीत 2000-01 मध्ये कारखान्यांतल्या साधारण दर पाच कामगारांमागे एक कंत्राटी होता. 2022-23 मध्ये पाचांमागे दोन झाले, 40 टक्क्यांहून अधिक. या काळात परवानगीची ती 100 ची केंद्रीय तरतूद पुस्तकात जशीच्या तशी होती. कारखान्यांनी तिच्या बाजूने वाट काढली आणि सरकारांनी ती काढू दिली.

न्यायालयांचाही यात वाटा आहे. 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्याखाली एखाद्या कामात ठेकेदारी बंद झाली, तर तिथले कामगार आपोआप मूळ आस्थापनेचे होतात, असं सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये एअर इंडियाच्या खटल्यात म्हटलं होतं. 2001 मध्ये स्टील अथॉरिटीच्या खटल्यात पाच न्यायमूर्तींच्या पीठाने ते उलटवलं. कायद्यातला एक शब्दही न बदलता कंत्राटी कामगाराची परिस्थिती बदलली. धोरण असंही बदलतं, संसदेत हात वर न करता.

या दाव्याच्या बाजूने एका अभ्यासाचा दाखला नेहमी दिला जातो, बेस्ली आणि बर्जेस या अर्थतज्ज्ञांचा, 2004 चा. कामगारांच्या बाजूने कायदे बदलणाऱ्या राज्यांत उद्योग मागे पडले, असा त्याचा निष्कर्ष. अर्थतज्ज्ञ आदित्य भट्टाचार्जी यांनी तो तपासला तेव्हा दिसलं, की त्यात गुजरातसुद्धा ‘कामगारांच्या बाजूचं’ राज्य धरलं होतं, तेही 1973 च्या संयुक्त व्यवस्थापन परिषदांबद्दलच्या एका दुरुस्तीवरून. गुजरातमध्ये उद्योग आले नाहीत असं म्हणायला कोण तयार आहे?

आणखी एक गोष्ट. कामगार शिरजोर झाले असते, तर त्यांचा वाटा वाढला असता. संघटित कारखानदारीत निर्माण होणाऱ्या निव्वळ मूल्यात कामगारांच्या मजुरीचा वाटा 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला 30 टक्क्यांच्या आसपास होता. 2007-08 पर्यंत तो 10 टक्क्यांच्या आसपास आला. याच काळात संपांची संख्या घटत गेली, आणि कित्येक वर्षं संपांपेक्षा मालकांनी केलेल्या टाळेबंदीत जास्त दिवस वाया गेले.

‘चीनने कामगार कायदे ठेवलेच नाहीत’

ठेवले आहेत, आणि काही बाबतींत ते आपल्यापेक्षा कडक आहेत. 1 जानेवारी 2008 पासून तिथे श्रमकरार कायदा लागू आहे. एखाद्याला दोनदा मुदतीच्या करारावर ठेवलं, की पुढचा करार बेमुदत करायचा, असा त्याचा नियम. काढायचं असेल तर दर वर्षामागे एक महिन्याचा पगार. आपल्याकडे 15 दिवसांचा. 2014 पासून तिथे दुसऱ्या संस्थेमार्फत घेतलेले कामगार एकूण मनुष्यबळाच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त ठेवता येत नाहीत. आपल्याकडे अशी मर्यादाच नाही.

चीनमध्ये स्वतंत्र युनियन काढता येत नाही, आणि कायदा सगळीकडे पाळला जातो असंही नाही. ते अनुकरण करण्यासारखं राज्य आहे असं मी म्हणत नाही. पण ‘कायदे नव्हते म्हणून कारखाने आले’ हे चूक आहे. तिथे बंदरं झाली, वीज आली, प्रचंड प्रमाणात उत्पादन करायला मुभा मिळाली. आपण मात्र 2000 सालापर्यंत तयार कपड्यांचा धंदा लघुउद्योगांसाठी राखून ठेवला होता. शिलाईचा मोठा कारखाना उभा राहिला नाही याचं एक कारण तो नियम होता, आणि त्याचा कामगार कायद्याशी काही संबंध नव्हता.

‘जागतिकीकरणात दुसरा इलाज नसतो’

24 एप्रिल 2013 ला ढाक्याजवळ राना प्लाझा ही शिलाई कारखान्यांची इमारत कोसळून 1,134 माणसं मेली. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते, तरी शिलाई कामगारांना आत बोलावलं होतं. त्यानंतर परदेशी ब्रँड आणि कामगार संघटना यांच्यात कायद्याने बंधनकारक करार झाला. हजारापेक्षा जास्त कारखाने तपासले गेले, आगीपासून बचावाचे दरवाजे बसले, काही कारखाने बंदही झाले. ऑर्डरी पळाल्या नाहीत. बांगलादेशची कपड्यांची निर्यात पुढच्या दशकात वाढत गेली. जगाचा बाजार तोच होता. त्या बाजारात कोणत्या अटीवर उभं राहायचं, हे मात्र ठरवता आलं. त्यासाठी इतकी माणसं मरावी लागली, हे मला अजून पचत नाही.

‘आता कायदे सैल झालेत, नोकऱ्या येतील’

आधी जे चांगलं आहे ते सांगतो. 29 केंद्रीय कायदे, प्रत्येकात ‘कामगार’ आणि ‘वेतन’ यांची वेगळी व्याख्या, हा गुंता खरा होता. छोट्या कारखानदाराला त्याचा जाच होता आणि कामगारालाही होता. नव्या संहितांनी नेमणूकपत्र सक्तीचं केलं आहे. माझ्याकडे येणाऱ्या दहांतल्या आठ जणांकडे ते नसतं, त्यामुळे ही तरतूद मला मोलाची वाटते. मुदतीच्या नेमणुकीवरच्या कामगाराला आता एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी मिळेल, हेही चांगलं.

पण मुदतीची नेमणूक किती वेळा वाढवायची, यावर संहितेत बंधन नाही. कपातीच्या परवानगीची मर्यादा 100 वरून पुन्हा 300 वर गेली. कारखान्यात शिस्तीचे नियम काय, कारवाई कशी करायची हे ठरवणारे स्थायी आदेशही आता 300 कामगारांपासून सक्तीचे. कंत्राटी कामगारांबद्दलच्या तरतुदी पूर्वी 20 कामगारांपासून लागू होत, आता 50 पासून. संपासाठी 14 दिवसांची नोटीस आता सगळ्याच उद्योगांत लागते, आणि निम्म्या कामगारांनी एकाच दिवशी रजा टाकली तरी तो संप धरला जाईल.

ही वाट आधी चालून पाहिलेली आहे. राजस्थानने 2014 मध्ये 300 ची मर्यादा आणली. 2018-19 च्या आर्थिक पाहणी अहवालाने त्याची बाजू घेत सांगितलं, की तिथे शंभरावर कामगारांचे कारखाने वाढले. पण राजस्थानने त्याच वेळी कंत्राटी कायद्याची मर्यादाही 20 वरून 50 वर नेली होती. कारखाना मोठा झाला तरी त्यात कायम किती आणि ठेक्यावर किती, हे विचारल्याशिवाय ‘नोकऱ्या वाढल्या’ असं म्हणता येत नाही. मी तरी कोणत्याही कारखानदाराला ‘काढणं सोपं झालंय म्हणून घेतो’ असं म्हणताना ऐकलेलं नाही. ऑर्डर आली की माणसं घेतात.

सहा कार्डंवाल्या गृहस्थांचा अर्ज आम्ही ऑगस्टमध्ये भरायला बसलो. ग्रॅच्युइटीला पाच वर्षांची सलग नोकरी लागते. त्यांची तेरा भरतात, पण एकाही कार्डावर पाच भरत नाहीत. सर्वांत जुन्या कार्डावर तीन वर्षं, सर्वांत नव्यावर दीड. मालकाच्या रकान्यात काय लिहायचं, यावर आमचा अर्धा तास गेला. शेवटी वर कारखान्याचं नाव लिहिलं, खाली ओळीने सहा ठेकेदारांची. हुद्द्याच्या जागी ते म्हणाले, ‘प्रेस ऑपरेटर लिहा.’ मी तेच लिहिलं.