घाम सगळेच गाळतात, नागरिकत्व कुणाला मिळतं?

नाशकात एक वाक्य हमखास कानावर पडतं. "सिंधी लोकांकडून शिका. नेसत्या वस्त्रानिशी आले, कुणापुढे हात पसरला नाही, आणि बघा आज कुठे आहेत!" खोटं नाही ते. फाळणीनंतर देवळालीच्या छावणीत उतरलेली माणसं खरोखर शून्यातून उभी राहिली. पण उरलेली अर्धी गोष्ट आपण सोयीस्करपणे गाळतो.

देवळाली कॅम्पातल्या एका ओळखीच्या काकांकडे त्यांच्या वडिलांचा निर्वासित म्हणून नोंदणी झाल्याचा कागद आहे. घड्यांवर विरलेला, मागून सेलोटेप, तीही पिवळी पडलेली. दुकानाची कागदपत्रं फाइलीत, हा मात्र देवघराच्या खणात.

उगाच नाही. राज्यघटनेच्या सहाव्या कलमाने १९ जुलै १९४८ च्या आधी पाकिस्तानातून येऊन इथे राहिलेल्यांना थेट नागरिक मानलं. नंतर आलेल्यांनाही नोंदणीची वाट ठेवली. कष्ट त्यांचेच, पण पायाखाली जमीन सरकारने दिली होती.

आता ढाक्यातल्या मोहम्मदपूरचा जिनिव्हा कॅम्प बघा. ४७ साली बिहारमधून पूर्व पाकिस्तानात, म्हणजे आजच्या बांगलादेशात, गेलेली ही तिथली उर्दू बोलणारी मंडळी. म्हणजे तीही फाळणीचीच. १९७१ चं युद्ध संपलं आणि नव्या देशाला ते गद्दार वाटले. पाकिस्तानने पावणेदोन लाखांच्या आसपास माणसं नेली आणि मग हात आखडता घेतला. आपल्या ताब्यातले त्र्याण्णव हजार युद्धकैदी परत गेले, हे मात्र पाकिस्तानचा झेंडा लावून वर्षानुवर्षं वाट बघत कॅम्पातच राहिले.

ते आळशी होते का? ढाक्यातल्याच मीरपूरची बनारसी साडी त्यांच्याच मागावर विणली गेली. एका खोलीत तीन पिढ्या, सामाईक संडास, आणि तरी माग चालू. पण मत नव्हतं, सरकारी नोकरी नव्हती.

"पाकिस्तानी लष्कराला साथ दिली, मग भोगा" असं कमेंटमध्ये येणारच, म्हणून आधीच सांगतो. काहींनी साथ दिली, अत्याचारही केले, हे खरं आहे. ज्याने केलं त्याच्यावर खटला भरा ना! ७५ साली कॅम्पात जन्मलेल्या पोराने काय केलं होतं? ढाक्याच्या हायकोर्टाला हे पटायला २००८ उजाडलं. ७१ मध्ये अल्पवयीन असलेले आणि नंतर जन्मलेले नागरिकच आहेत, असा निकाल लागला. सदतीस वर्षं! कॅम्पचा पत्ता दिसला की पासपोर्ट अडतो, ही तक्रार त्यानंतरही राहिलीच.

आणि बांगलादेशला नावं ठेवून आपण मोकळे होऊ नये. १९८३ पासून श्रीलंकेतून आलेले तमिळ आजही तमिळनाडूच्या छावण्यांत आहेत. २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्तीत श्रीलंकेचं नावच नाही. १९८६ साली तमिळनाडूतल्याच मंडपम छावणीत जन्मलेल्या एका बाईला पासपोर्टसाठी मद्रास हायकोर्टात जावं लागलं. २०२२ मध्ये ती जिंकली, कारण १ जुलै १९८७ च्या आधी भारतात जन्मलेला माणूस कायद्याने जन्मतःच नागरिक. तिच्याच शेजारच्या झोपडीत ८८ साली जन्मलेल्याला त्या निकालाचा काडीचा उपयोग नाही.