आमच्याकडे

परदेशी पाहुण्याला शहर दाखवण्याची जबाबदारी आमच्या कारखान्यात नेहमी माझ्यावर येते, कारण माझे इंग्रजी बरे आहे असा वरिष्ठांचा समज आहे आणि रविवारी मला दुसरे काही काम नसते अशी त्यांची खात्री आहे. या वेळी अंबडला नवे यंत्र बसवायला नेदरलँड्सहून एक तरुण अभियंता आला होता. माणूस सालस, उंचीला सहा फुटांच्या वर आणि खिशात वही. ती वही मी वेळीच ओळखायला हवी होती.

एरवी 'आपल्याकडे कुठलेही काम वेळेवर होत नाही' हे वाक्य मी दिवसातून चार वेळा म्हणतो. त्या 'आपल्या'त ऐकणाराही धरलेला असल्यामुळे आम्ही दोघे मिळून मान हलवतो आणि चहा घेतो. मात्र समोर परदेशी माणूस उभा राहिला, की त्याच तोंडून 'आमच्याकडे' बाहेर पडते आणि आदल्या दिवशीपर्यंत कुरकुर करणारा गृहस्थ एकदम राजदूत होतो. शिवाय या 'आमच्याकडे'ला ठरावीक माप नाही. आमची ही तो शब्द वापरते तेव्हा त्याचा अर्थ निफाडचे माहेर असा असतो. लग्नाला बावीस वर्षे झाली, तरी ज्या घरात ती राहते त्याला ती 'तुमच्याकडे' म्हणते. आईच्या तोंडी त्याचा अर्थ येवला, आणि तेही तिच्या लहानपणीचे. मी इंग्रजीत 'वी' म्हणालो, की त्या एका अक्षरात सुमारे १४० कोटी माणसे भरली जातात आणि त्यांच्यापैकी एकानेही मला तसे करायला सांगितलेले नसते.

दिवसाची सुरुवात मिसळीने झाली. गंगापूर रस्त्याला झाडाखालच्या टेबलावर मटकी, शेव, दही, पापड, पाव आणि वाटीत काळ्या मसाल्याचा रस्सा आला. ते ताट पाहून मला स्फुरण चढले आणि 'आम्ही भारतीय मुख्यतः शाकाहारी' असे मी जाहीर केले. त्याने ते लिहून घेतले. सरकारी पाहण्यांतसुद्धा देशात मांसाहार करणारेच जास्त निघतात, हे मला ठाऊक होते. इतकेच काय, आदल्या बुधवारी मटणाच्या रश्श्याची तिसरी वाटी मागणारा इसमही मीच होतो. पण खोटे बोलतो आहोत असे मला क्षणभरही वाटले नाही. पाहुणे जिना चढत असताना पसारा पलंगाखाली ढकलावा, तसा मी निम्म्याहून अधिक देश पलंगाखाली ढकलला होता. 'आम्हाला तिखटाची सवय असते' हे माझे पुढचे वाक्य. त्यानंतर त्याने शांतपणे दोन वेळा रस्सा मागून घेतला. डोळ्यांतून पाणी माझ्या आले.

रामकुंडावर 'ही आमची गंगा' असे मी म्हणालो, कारण नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो. नकाशा वाचून आलेला तो माणूस चक्रावला. तेव्हा येथे 'आमच्याकडे' म्हणजे फक्त नाशकात, असा खुलासा मला करावा लागला आणि वहीतला भारत पहिल्यांदा आकसला.

तेथून आम्ही काळाराम मंदिराकडे आलो. दारात चपला काढता काढता 'आमची देवळे सर्वांना खुली असतात' असे माझ्या तोंडून निघून गेले. त्याने वहीतून मान वर करून विचारले, "कधीपासून?" प्रश्न अगदी साधा होता. पण ज्या मंदिरासमोर मी हे बोललो, त्याच मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला होता आणि तो सुमारे पाच वर्षे चालूनही दार उघडले नव्हते. तेव्हाच्या 'आमच्याकडे'मध्ये कोण होते आणि दाराबाहेर कोण उभे होते, हे सांगताना माझा 'वी' दाराच्या कोणत्या बाजूला उभा करावा, ते मला कळेना. मी फक्त तारीख सांगितली. त्याने ती लिहून घेतली, आणि दिवसभरात मी सांगितलेल्या गोष्टींपैकी तेवढी एकच त्याला पुढे खोडावी लागली नाही.

पांडवलेणी पांडवांनी खोदली, हे मी सवयीने म्हणालो. तेथील चोवीस लेणी बौद्ध आहेत, हे त्याने मला सांगितले. 'आमच्याकडे दारू निषिद्ध मानतात' हे वाक्य तर मी द्राक्षमळ्यांच्या आणि वायनरींच्या जिल्ह्यात उभा राहून उच्चारले. त्याबद्दल न बोललेले बरे.

परतताना त्याने विचारले, "तुमची भाषा हिंदी ना?" येथे मात्र माझी बाजू भक्कम होती. मी खिशातून शंभराची नोट काढली. नाशिकरोडला नोटा छापतात, त्यामुळे हा दाखला मला घरचाच वाटतो. नोटेच्या मागच्या बाजूला, चौकटीत एकाखाली एक, पंधरा भाषांत रक्कम लिहिलेली असते, हे मी त्याला बोट ठेवून दाखवले. त्याने नोट डोळ्यांजवळ नेली, ओळी मोजल्या आणि विचारले, "यातल्या तुम्हाला किती वाचता येतात?" कोकणी, मराठी, नेपाळी आणि संस्कृत या देवनागरीतल्या चार ओळींनंतर मी थांबलो. उरलेल्या अकरा ओळींपुढे तो आणि मी सारखेच परदेशी होतो.

रात्री तो आमच्याकडे जेवायला आला. येथे 'आमच्याकडे' म्हणजे तिसऱ्या मजल्यावरचे आमचे घर. आमटीची वाटी उचलून त्याने सहज विचारले, "भारतात डाळीत काय घालतात?" मी मराठीत सांगितले आणि दोन उत्तरे एकाच वेळी आली. "आमच्याकडे गूळ आणि आमसूल," आई म्हणाली. "आमच्याकडे गूळ अजिबात नाही, लसूण आणि काळा मसाला," ही म्हणाली. दोघींनी एकमेकींकडे पाहिले नाही. त्याने 'भारतात' हा शब्द खोडून 'या घरात' असे लिहिले, थोडा विचार करून तेही खोडले आणि दोन स्वतंत्र रकाने आखले.

आता परतफेड करायलाच हवी होती. "तुमच्या हॉलंडमध्ये सगळे सायकलवर हिंडतात आणि पै-पैचा हिशेब ठेवतात, खरे ना?" मी विचारले. त्याने चमचा खाली ठेवला. हॉलंड हे देशाचे नावच नव्हे, त्या नावाचे बारांपैकी फक्त दोन प्रांत आहेत, आपण दक्षिणेकडच्या लिंबर्गचे असून तेथे टेकड्या आहेत, आणि हिशेबी असतात ते उत्तरेकडचे लोक, असे त्याने बरेच तावातावाने सांगितले. एवढे सलग तो दिवसभरात बोलला नव्हता. वही बंदच होती.

"काय म्हणतात पाहुणे?" आईने विचारले.

"त्यांच्याकडे तसे नसते, म्हणतात."

"त्यांच्याकडे म्हणजे? आईकडे की वडिलांकडे?"

मी प्रश्न जसाच्या तसा इंग्रजीत केला. तो आधी गोंधळला, मग हसला आणि म्हणाला की वडील उत्तरेचे, लिंबर्ग आईचे. हे कळताच हिने त्याला काहीही न विचारता त्याच्या ताटात आणखी एक पोळी वाढली.