शेक्सपिअरचे सॉनेट आणि टिपणांतला साचा

इंग्रजी साहित्याच्या विद्यार्थ्यांमध्ये परीक्षेच्या तोंडावर एक टिपण हमखास फिरते. इंग्रजी सॉनेटचा (म्हणजे सुनीताचा) साचा शेक्सपिअरने घडवला. त्यात चौदा ओळी आणि प्रत्येक ओळीत दहा उच्चारावयव (सिलॅबल) असतातच. विचाराला मिळणारी कलाटणी शेवटच्या द्विपदीत, म्हणजे अखेरच्या दोन ओळींत येते. विषय म्हणजे प्रेयसीच्या रूपाची स्तुती, असे त्यात सांगितलेले असते. पाठांतराला हे सोयीचे आहे; पण यातले एकही विधान जसेच्या तसे टिकत नाही.

जनकत्वाचा वाद तारखाच मिटवतात. तीन चतुष्पद्या (चार-चार ओळींची कडवी) आणि एक द्विपदी ही रचना रूढ केली ती सरेचा अर्ल हेन्री हॉवर्ड याने. त्याला १५४७ मध्ये देहदंड झाला, त्याची सॉनेटे १५५७ मध्ये प्रकाशक रिचर्ड टॉटेलच्या काव्यसंग्रहात छापली गेली आणि शेक्सपिअर जन्मला १५६४ मध्ये. इटालियन कवी पेत्रार्क याच्या सॉनेटमध्ये अष्टकाचा, म्हणजे पहिल्या आठ ओळींचा, भार दोनच यमके पेलतात. स्वरान्त शब्दांनी भरलेल्या इटालियनला ते जड जात नाही, इंग्रजीला जाते. सरेच्या रचनेत चौदा ओळींना सात यमके मिळतात आणि प्रत्येकासाठी दोनच शब्द जुळवावे लागतात.

चौदा ओळींच्या आणि दहा अवयवांच्या नियमाला खुद्द शेक्सपिअरच्या १६०९ च्या संग्रहातच अपवाद आहेत. त्यातल्या १५४ सॉनेटांपैकी ९९ वे पंधरा ओळींचे आहे, १२६ वे बारा ओळींचे आणि तेही सगळे द्विपद्यांचे, तर १४५ व्यात प्रत्येक ओळ आठच अवयवांची आहे. विसाव्या सॉनेटच्या सर्व ओळी अकराव्या, आघातहीन अवयवावर संपतात. शार्दूलविक्रीडितातली सुनीते वाचून कान तयार झालेला मराठी वाचक आयंबिक पेंटामीटरकडेही (आघातहीन-आघातयुक्त अवयवांच्या पाच जोड्यांच्या ओळीकडेही) गणवृत्ताच्या नजरेने पाहतो, आणि मग आघात जरा इकडचा तिकडे झाला की त्याला ती चूक वाटते. इंग्रजीत तो कवीचा हक्कच आहे.

सर्वांत जास्त दिशाभूल होते ती कलाटणीबाबत. अठराव्या सॉनेटमध्ये पहिल्या आठ ओळी प्रिय व्यक्तीची उन्हाळ्याशी तुलना करण्यात आणि उन्हाळ्याचे दोष मोजण्यात जातात: मे महिन्यातल्या कळ्यांना झोडपणारा वारा, कधी अति तापणारा तर कधी झाकोळणारा सूर्य, फार लवकर सरणारी मुदत. नवव्या ओळीच्या आरंभी ‘बट’ (पण) येतो आणि तुझा उन्हाळा मात्र कोमेजणार नाही, असे कवी सांगतो. म्हणजे यमके सरेची, पण विचाराची फाळणी अजून पेत्रार्कचीच, आठ आणि सहा. शेवटची द्विपदी येथे काही उलटवत नाही, झालेल्या युक्तिवादावर शिक्कामोर्तब करते. याउलट १३० व्या सॉनेटमध्ये बारा ओळी प्रेयसीचे उणेपण सांगतात आणि पारडे फिरते ते तेराव्या ओळीत. त्र्याहत्तरावे तर दोन्हींहून वेगळे: पानगळ, संधिप्रकाश, विझता निखारा अशी प्रत्येक चतुष्पदीला एक प्रतिमा, आणि दर वेळी उरलेला काळ आखूड होत जातो. या सॉनेटमध्ये चतुष्पद्यांची विभागणी खरोखर अर्थ वाहते. टिपणात नेमके हेच सापडत नाही.

विषयाबद्दल थोडक्यात: पहिली १२६ सॉनेटे सर्वसाधारणपणे एका तरुण पुरुषाला उद्देशून मानली जातात आणि त्यांतली पहिली सतरा त्याला लग्न करून वंश वाढवण्याचा आग्रह करतात. १४६ वे कवीच्या आत्म्याला उद्देशून आहे. १३० वे स्त्रीविषयी आहे खरे. पण सूर्यासारखे डोळे आणि पोवळ्यासारखे ओठ या ठरीव स्तुतीची ते उघड टिंगल करते.