एनपीटेलचे २५ मार्क नेमकं काय सांगतात?

‘स्वयम’ या केंद्र सरकारच्या ऑनलाइन शिक्षणाच्या पोर्टलवर आयआयटीसारख्या संस्थांचे प्राध्यापक व्हिडिओतून शिकवतात, त्या एनपीटेल कोर्सचा हिशोब इंजिनिअरिंगच्या पोरांना तोंडपाठ असतो. १२ आठवड्यांच्या कोर्समध्ये सर्वोत्तम ८ असाइनमेंटचे मिळून २५ मार्क, केंद्रावर जाऊन दिलेल्या परीक्षेचे ७५. पास व्हायला २५ पैकी १० आणि ७५ पैकी ३०, दोन्ही स्वतंत्रपणे हवेत. यूजीसीच्या २०२१च्या नियमांनी सत्राची ४० टक्क्यांपर्यंत क्रेडिट्स स्वयमवरून घ्यायची मुभा दिली, तेव्हापासून कॉलेजंही नोंदणीच्या मागे लागली आहेत.

असाइनमेंटला २४ आणि परीक्षेत कसेबसे ३२, असा निकाल दिसला की आम्ही मास्तर लोक टेलिग्रामला शिव्या देतो. उत्तरं तिथे फिरतात, खरंच आहे. पण जी मुलं स्वतः सोडवतात तीही फसतात. प्राध्यापक फळ्यावर सिद्धता इतकी सफाईने मांडतात की दीडपट वेगानेही सगळं पटत जातं. मग एका खिडकीत प्रश्न, दुसरीत स्लाइड. उत्तर बरोबर येतं, पण ते स्लाइडला येत असतं! वर्गात निदान ‘ऊठ, तू सांग’ म्हणणारं कोणीतरी असतं. ऑनलाइनमध्ये आपली चोरी आपल्यालाच पकडावी लागते.

रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांचा २००६चा प्रयोग मी वर्गात हमखास सांगतो. एका गटाने उतारा पुन्हा पुन्हा वाचला, दुसऱ्याने एकदा वाचून न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते, आठवड्याने आठवून लिहिणारे. आणि आपल्या लक्षात जास्त राहील, ही खात्री कोणाला अधिक होती? पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना.

म्हणून मी मुलांना दोनच गोष्टी करायला सांगतो. व्हिडिओ संपला की लॅपटॉप मिटून कोऱ्या कागदावर आठवेल तेवढं लिहायचं. पहिल्यांदा चार ओळींवर गाडी अडते, चिडचिड होते, होऊ दे. दुसरं, असाइनमेंट सबमिट करण्याआधी प्रत्येक उत्तरापुढे ‘खात्री’ किंवा ‘अंदाज’ लिहून ठेवायचं. मुदत संपल्यावर उत्तरं जाहीर होतात, तेव्हा ताडून बघायचं. ‘अंदाज’ लिहिलेलं चुकलं तर फारसं बिघडत नाही, तिथे कच्चं आहे हे आधीच ठाऊक होतं. ‘खात्री’ लिहिलेलं चुकलं की त्या व्हिडिओकडे परत जायचं. आणि ‘अंदाज’ लिहून बरोबर आलेला मार्क स्वतःच्या खात्यात धरायचा नाही, हे मुलांना सगळ्यात जड जातं.

वेळ नाही, ही तक्रार खरी आहे. एकाच सत्रात तीन-तीन कोर्स घेतलेल्या मुलाला हे जमणार नाही. त्याने एकच कोर्स करावा, असं माझं मत आहे. सर्टिफिकेटांच्या आकड्यांचे फ्लेक्स लावणाऱ्यांना ते आवडत नाही.

मेंटॉर मंडळींना एकच विनंती: हे कागद गोळा करू नका, त्यांना मार्कही देऊ नका. एकदा त्यावर मास्तरांची सही सुरू झाली, की जर्नलसारखे तेही शेजारच्याचे बघून उतरवले जातील. ‘खात्री’सकट.