पंधरा किलो गहू आणि एक सबवूफर

"गणपती किती फुटी?" उद्यमनगरातल्या दुकानदारानं मान वर न करताच विचारलं.

म्हणलं गणपती नाही, गाडीच्या डिकीत सबवूफर, म्हणजे बेसचा मोठा स्पीकर बसवायचाय, त्याचा फायबरचा डबा करायचाय. मग मात्र त्यानं मान वर केली आणि माझ्याकडं असं बघितलं की तिथनंच मागं फिरायला पाहिजे होतं, पण फायबर घट्ट करणाऱ्या चिकट रेझिनचा पाच किलोचा कॅन एकदा हातात आला की माणसाला स्वतःबद्दल भलतेच गैरसमज व्हायला लागतात.

मुळात एवढा खटाटोप कशासाठी, तर बाबांसाठी. गाडी स्विफ्ट, डिकी २०४ लिटरची, आणि बाबांची अट एकच की डिकी मोकळी राहिली पाहिजे. गावाकडनं येताना गव्हाचं पोतं, नारळ, काकवीचा डबा, कुणीतरी दिलेलं केळीचं रोप, हे सगळं त्यातनंच येतं. बाजारात एमडीएफचा तयार चौकोनी बॉक्स दीड-दोन हजारात मिळतो पण तो ठेवला की डिकी संपली. फायबरचं तसं नाही, चाकाच्या मागं पत्र्याच्या वळणात जी पोकळी असते ना तिथं तो शिवून घेतलेल्या सदऱ्यासारखा बसतो. हे सगळं बाबांना पंधरा मिनिटं समजावलं. ते म्हणाले, "म्हणजे गाडीत डॉल्बी लावणार तू." आमच्या कोल्हापुरात डॉल्बी म्हणजे मिरवणुकीत ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर रचलेली स्पीकरची भिंत, त्यामुळं बाबांच्या डोळ्यांपुढं काय आलं असेल ते मी समजू शकतो.

आईची शंका वेगळी होती. डबा कशाला पाहिजे, नुसता स्पीकर ठेव की. आता हा प्रश्न खरं तर बरोबर आहे. स्पीकरचा पडदा पुढं आला की पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते, आणि बेसच्या लाटा एवढ्या लांबलचक असतात की मागची लाट वळसा घालून पुढं येते आणि पुढचीला खाऊन टाकते. म्हणजे एकानं हौदात पाणी ओतायचं आणि दुसऱ्यानं त्याच वेळी उपसायचं.

"मग त्या दुसऱ्याला घरी बसव," आई म्हणाली.

"तेच करतोय आई. डब्यात बसवतोय."

तर दुकानदारानं रेझिन दिलं, काचेच्या तंतूंची मॅट दिली, कोबाल्टची जांभळी बाटली आणि हार्डनरची पांढरी बाटली दिली आणि बोट उगारून सांगितलं, की कोबाल्ट आधी रेझिनमध्ये घालायचं, नीट ढवळायचं, मग हार्डनर, आणि काही झालं तरी हे दोघं थेट समोरासमोर येऊ द्यायचे नाहीत, भडका उडतो. मला वाटलं हा माणूस आमच्या मोठ्या आणि धाकट्या काकांना ओळखतो. बांधाच्या वादापासनं आम्ही लग्नकार्यात त्यांनाही असंच वेगवेगळ्या पंगतीत बसवतो.

काम सुरू केलं मे महिन्यातल्या एका रविवारी, भर दुपारी. ही पहिली चूक. डिकीला आधी मास्किंग टेपचे तीन थर, त्यावर आईच्या चपात्यांचा फॉइल पेपर, त्यावर मेण पॉलिश. हार्डनर रेझिनच्या एक ते दोन टक्के घालायचा असतो, म्हणजे अर्ध्या किलोला पाच ते दहा ग्रॅम, आणि ऊन असेल तर कमीकडंच राहायचं असतं, पण मी विचार केला दोनच्या जागी तीन घालू, लवकर वाळेल. वाळलं. मगातच वाळलं. ब्रश आत उभा, काडी आत उभी, मग एवढा तापला की हातातनं टाकावा लागला आणि त्यातनं धूर निघायला लागला. बाबा गॅलरीतनं फक्त एवढंच म्हणाले, "चहा उतू गेला काय?"

दुसऱ्या वेळी माप बरोबर घेतलं पण दुसरा मग नव्हता म्हणून घरात पडलेला थर्माकोलचा ग्लास घेतला. रेझिनमध्ये स्टायरीन असतं आणि थर्माकोल म्हणजे पॉलिस्टायरीन, त्यामुळं ते त्यात साखरेसारखं विरघळतं, हे मला नंतर कळलं. त्या वेळी एवढंच दिसलं की ग्लासचा बूड अदृश्य झाला आणि सगळा माल माझ्या चपलेवर आला. सरकारनं २०१८ साली थर्माकोलवर बंदी आणली होती, तिची इतक्या झटपट अंमलबजावणी मी त्याआधी कधी बघितली नव्हती. ती चप्पल अजून आहे, दगडासारखी.

शेवटी फाउंड्रीत पॅटर्न करणाऱ्या मित्राला बोलावलं, कारण लाकूड आणि रेझिन हे त्याचं रोजचंच. त्यानं सगळं बघितलं आणि म्हणाला, "भावा, हे तू केलंस का कुणी तुझ्यावर केलंय?" पण भला माणूस, मॅटचे चार थर त्यानंच ब्रशनं ठोकून ठोकून हवेचे बुडबुडे काढत नीट बसवले. दुसऱ्या दिवशी ते कवच डिकीतनं निघेना. एका कोपऱ्यात आमचं मेण लावायचं राहिलं होतं. मग मी बाहेरनं ओढतोय, तो डिकीत आडवा होऊन दोन्ही पायांनी ढकलतोय, गल्लीतली चार पोरं "लाव लाव" म्हणून ओरडतायत, असा अर्धा तास फड रंगला आणि कवच एकदाचं सुटलं, सोबत गाडीच्या आतल्या प्लास्टिकचा वीतभर तुकडा घेऊनच.

आता तोंडाचा भाग. स्पीकरसाठी एमडीएफची रिंग काड्यांवर उभी करायची, तिच्यावरनं ताणून कापड बसवायचं, ते रेझिननं भिजवायचं, की मग झकास गोलाई येते. फ्लीसचं कापड पाहिजे होतं. घरात तसलं काही नव्हतं पण कपाटात बाबांच्या निवृत्तीच्या सत्कारातल्या शाली होत्या, सात. सातातली एक गेली तर काय कळतंय? (कळतं. काठावर बँकेचं नाव विणलेलं होतं आणि ते बरोबर मधोमध आलं. पुढं पुट्टी भरून झाकलं, पण बाबांनी आधीच वाचलं होतं.)

आणि मग आले गहू. कंपनीनं सांगितलेलं की ह्या दहा इंची सबवूफरला ०.७ घनफूट डबा पाहिजे, म्हणजे साधारण वीस लिटर. वाकड्यातिकड्या डब्याचं माप पट्टीनं निघत नाही, त्यामुळं त्यात दाणेदार काहीतरी भरायचं आणि ते मोजायचं. आईला म्हणलं, पंधरा किलो गहू दे, दहा मिनिटांत परत देतो. आईनं माझ्यावर विश्वास ठेवला नाही, कोठीतनं स्वतः मापट्यानं मोजून दिले. आत प्लास्टिकची पिशवी घातली, रिंगेच्या भोकातनं गहू ओतले, साडेएकोणीस लिटर भरलं, मित्र म्हणाला नाद खुळा, आम्ही एकमेकांना टाळी दिली आणि गहू परत काढायला गेलो तर पिशवी फाटलेली. आतली एखादी काचेची कुसळ लागली असणार. त्यात रेझिनला हवा लागली की त्याचा वरचा थर चिकटच राहतो, त्यामुळं डबा उलटा करून, हलवून, मागनं थापट्या मारून काढावे लागले.

आईनं ते पसाभर घेऊन नाकाशी नेले. "हे माझ्या कोठीत परत जाणार नाहीत." तरीपण मोजले. "अर्धं मापटं कमी आहे." म्हणलं आई, सांडले असतील कुठंतरी. ती काही बोलली नाही.

घासकामाबद्दल थोडक्यात सांगतो कारण नुसतं आठवलं तरी खाज येते. ८० नंबरच्या पेपरनं दोन दिवस घासलं, हवेत काचेचे बारीक तंतू, आणि मी हाफ पॅन्टवर. खाजकुयली परवडली. वर गरम पाण्यानं अंघोळ केली, म्हणजे उरलंसुरलं पण आत गेलं. पण हे माझं मी सोसलं असतं. माझे ते कपडे आईनं मशिनमध्ये घरातल्या बाकीच्या कपड्यांबरोबर धुतले, आणि त्या कपड्यांत बाबांचा पांढरा शर्ट होता, आणि दुसऱ्या दिवशी इचलकरंजीला आत्याच्या मुलीचा साखरपुडा होता. एका सतरंजीवर आम्ही तिघं ओळीनं खाजवत बसलो होतो. नवऱ्याकडच्या एका आजोबांनी बाबांच्या कानाशी येऊन हळूच विचारलं, "पाहुणं, कडुलिंबाचा पाला लावून बघितला काय?" बाबा परतीच्या वाटेवर हातकणंगल्यापर्यंत एक शब्द बोलले नाहीत आणि नंतर बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही.

तर एकदाचा डबा झाला. काळं कार्पेट चिकटवलं, ॲम्पला बॅटरीपासनं फ्यूज घालून जाड वायर ओढली, आठ स्क्रू आवळले. एकूण खर्च सहा हजार आठशे, गहू आणि चप्पल सोडून. बाबांना खूश करायचं म्हणून पहिल्यांदा पखवाजाचा अभंग लावला, आणि खरं सांगतो, डाव्या हाताची पहिली थाप पडली तेव्हा पाठीत गेली. बाबांनी मान डोलावली. मग दुसरी थाप पडली आणि मागनं आवाज आला, टर्रर्र.

नंबरप्लेट असेल म्हणून तिच्यामागं फोम लावला. टर्रर्र. स्टेपनी काढली, जॅक काढला, डिकीचं झाकण, सगळं आवळून झालं. दोन रविवार गेले. मित्र म्हणाला ॲम्पचं सेटिंग, गॅरेजवाला म्हणाला पडदा फाटलाय, नवीन घ्या.

तिसऱ्या रविवारी आई जोतिबाला जायला मागच्या सीटवर बसली. अभंग लावला. केर्लीपर्यंत ती गप्प ऐकत होती.

"गहू आहेत ते."

"काय?"

"सुपातला आवाज मला कळत नाही होय? अर्धं मापटं. त्याच दिवशी सांगितलं होतं."

जोतिबा करून घरी आलो, स्पीकरचे आठ स्क्रू काढले, बॅटरी मारून आत बघितलं. आई तोपर्यंत आत गेली होती. बाहेर आली ती हातात मापटं घेऊनच.