चूल कुठं मांडणार, ते आधी ठरवा

परवा रात्री वडगावहून मामेबहिणीचा फोन आला. त्यांचं जुनं घर आता कामाला काढतायत. फरशी कुठली घेतलीस आणि खर्च किती आला, एवढंच तिला विचारायचं होतं. दोन्ही सांगितलं. मग मी विचारलं, "काम चालू असताना चूल कुठं मांडणार?" ती म्हणाली, "ते बघूया की त्या वेळी."

गेल्या वर्षी मीही हेच म्हणाले होते. म्हणून आज सविस्तर लिहितेय. तिच्यासाठी, आणि बेळगाव, खानापूर, निपाणीकडं यंदा दिवाळीनंतर घरं काढायच्या विचारात असलेल्या सगळ्यांसाठी.

आमचं घर शहापुरातलं, मातीच्या भिंतींचं. पुढं सोपा, मग माजघर, मागं स्वयंपाकघर, न्हाणी आणि परडं. परड्यात आड. भिंती दोन-दोन फूट जाड. घर रिकामं करताना माळ्यावरच्या ट्रंकेत कागद सापडले. सगळ्यात जुना मोडीत लिहिलेला, शहापूर सांगली संस्थानात होतं त्या काळातला. मधले मराठी. आणि आता परवान्यासाठी काढलेला उतारा कानडी. त्याचा अर्ज लेकीनं भरला, तिला शाळेत कानडी आहे. आजेसासऱ्यांनी लिहिलेलं आणि पणतीनं लिहिलेलं असं एकाच पिशवीत ठेवलंय.

सगळं पाडून नवीन बांधा, असं बहुतेकांनी सांगितलं. आम्ही सोपा आणि माजघर ठेवायचं ठरवलं आणि मागचा भाग काढून तिथं स्लॅब घालायचा, वर एक खोली. भाड्याच्या घरात गेलो नाही. डिपॉझिट आणि भाड्याचे पैसे कामातच लागतील असा हिशेब होता. लेक दहावीत, तिची शाळा जवळ. आणि सासूबाई म्हणाल्या, "मी १९६८ ला ह्या उंबऱ्यातून आत आले, आता मला कुठं नेताय?" त्यावर आम्ही दोघंही काही बोललो नाही.

इंजिनिअरनं इस्टिमेट दिलं. सिमेंटची पोती किती, सळी किती, वाळू आणि खडी किती ब्रास, विटा, सेंट्रिंग, फरशी, वायरिंग, रंग, सगळं ओळीनं. आकडा अठरा लाख. तो पुढं चोवीसवर गेला, पण त्याबद्दल माझी तक्रार नाही, महागाई सगळ्यांनाच आहे. माझी तक्रार वेगळी आहे. घरात पाच माणसं राहणार, हे सगळ्यांना माहीत होतं. ती कुठं रांधणार, कुठं अंघोळ करणार, रात्री कुठं जाणार, याची एक ओळसुद्धा त्या कागदात नव्हती. आणि ते कुणाला खटकलं नाही, कारण ते बायका बघून घेतात.

तुळशीचं लग्न झालं आणि काम सुरू झालं. पहिल्याच दिवशी परड्यातला संडास पाडला. पायाच्या खोदाईला जेसीबीचा हात मागं जायला पाहिजे, म्हणून. नवीन संडास वापरायला मिळेपर्यंत तेवीस दिवस गेले.

तेवीस दिवस आम्ही शेजारी जात होतो. मुलं आणि आम्ही दोघं कसंही निभावून नेऊ. सासूबाई चौऱ्याहत्तर वर्षांच्या, रात्री दोन-तीनदा उठतात. थंडीचे दिवस. बेळगावची डिसेंबरातली पहाट काय असते ते इथल्या माणसाला सांगायला नको. शाल गुंडाळून, बॅटरी घेऊन, खोदलेल्या खड्ड्यांवर टाकलेल्या फळीवरून त्यांना धरून न्यायचं. पहिल्या रात्री मी शेजारच्या आक्कांच्या मागच्या दारावर टकटक केली तेव्हा सासूबाईंनी माझा हात मागं ओढला. त्या रडत होत्या. "लोकांना असं उठवायचं, ह्या वयात?" असं म्हणून त्या तशाच परत फिरल्या. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी संध्याकाळनंतर पाणी पिणं सोडलं. आठवड्यानं लघवीला जळजळ सुरू झाली, ताप आला, औषधं झाली.

आक्कांना हे कळलं तेव्हा त्या आमच्या सोप्यात येऊन बसल्या. त्यांच्या घरात कानडीच बोलतात. सासूबाईंचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "बागला हाकोदिल्री, बर्री." दार लावणारच नाही, तुम्ही या. आणि खरंच, तेव्हापासून त्यांच्या मागच्या दाराची कडी रात्रभर काढलेली असायची आणि आत एक झिरोचा बल्ब लावलेला असायचा. त्या बल्बचे उपकार आमच्यानं फिटायचे नाहीत. खरं मला विचाराल तर ही वेळच यायला नको होती. चार पत्रे उभे करून, तात्पुरतं भांडं बसवून ती सोय करायला दोन दिवस लागले असते. जुना संडास तोवर ठेवून काम दुसऱ्या टोकानं सुरू करता आलं असतं. कुणी विचारच केला नाही, आणि मीही केला नाही.

चूल सोप्यात आली. एका टेबलावर शेगडी, खाली सिलिंडर, शेजारी देव्हारा, त्याच्याशेजारी लेकाचं दप्तर. भांडी आडावर घासायची. धूळ कशात नव्हती? पिठाच्या डब्यात, तुळशीत, औषधाच्या बाटलीच्या टोपणात. ओलं धोतर दारावर बांधलं, दिवसातून तीनदा भिजवलं, तरी आत यायची. फरशी कापायचं मशीन माजघराच्या दारात, कोरडंच चालवत होते. सासूबाईंचा श्वास चढायला लागला तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं, फरशीची ही बारीक धूळ फुप्फुसात जाऊन बसते. ती कापणाऱ्या पोराच्या तोंडावर तर रुमालसुद्धा नव्हता. तेव्हापासून मी कापकाम बाहेर गल्लीच्या तोंडाला आणि पाणी सोडूनच करायला लावलं. मिस्त्री कुरकुरला, वेळ लागतो म्हणाला. लागू दे. ही गोष्ट पहिल्या दिवशीच बोलून घ्यायची असते.

कामावर बैलहोंगलकडचं एक जोडपं होतं. तो गवंडी, ती घमेली वाहायची. तान्हं बाळ आमच्या सोप्याच्या तुळईला साडीची झोळी बांधून झोपवायची. दुपारी तिच्या ज्वारीच्या भाकरी आणि आमची आमटी एकत्र व्हायची. शनिवारी बटवडा झाला की मी बघायची, तिच्या हातात नवऱ्याच्या निम्मे पैसे. दिवसभर ती बसलेली मी कधी पाहिली नाही. तिची हजेरी निदान वहीत होती.

स्लॅब घातला आणि पाणी मारायचं काम माझ्याकडं आलं. काँक्रीटची ताकद अठ्ठावीस दिवस भरत असते आणि त्यातले सुरुवातीचे दिवस सगळ्यात महत्त्वाचे. स्लॅबवर वाफे करून त्यात दोन आठवडे पाणी तुंबवून ठेवायचं. राकसकोप धरणाचं पाणी आमच्या नळाला रोज येत नाही. आड होता म्हणून भागलं. इंजिनिअरच्या पहिल्या नकाशात तो बुजवायचा होता, सासूबाईंनी बुजवू दिला नाही. ह्यांची उद्यमबागेतल्या कारखान्यात पहिली पाळी, घरातून साडेसहाला बाहेर. मग सकाळी नि संध्याकाळी पाणी शेंदून मोटारीच्या टाकीत ओतायचं आणि पाइप धरून उभं राहायचं, हे मीच केलं. इस्टिमेटमध्ये 'क्युरिंग' असा शब्द होता. त्याच्यासमोर रक्कम नव्हती.

आणि आता ओट्याचं सांगते, कारण मला सगळ्यात जास्त तेच लागलंय.

पाच महिने घरात मी होते. सिमेंट आलं की पोती मोजून घ्यायची मी, चहा मी, मिस्त्री आला नाही तर फोन लावायचा मी. ओटा बांधायची वेळ आली तेव्हा मी सोप्यात भात लावत होते, वीस फुटांवर. मिस्त्रीनं उंची विचारायला फोन केला तो ह्यांना, कारखान्यात. मशीनच्या आवाजात ह्यांनी सांगितलं, "नेहमीची करतात तेवढी करा." चौतीस इंच झाला. माझी उंची पाच फूट. कुकरचं झाकण लावायला मला खांदे वर करावे लागत होते. संध्याकाळी मी म्हटलं, हा तोडायचा. हे म्हणाले, तीन इंचासाठी कडाप्पा काढायचा? चार दिवस आम्ही बोललो नाही. लग्नाला सतरा वर्षं झाली, एवढा अबोला कधी नव्हता.

पाचव्या दिवशी ह्यांनी स्वतः त्या ओट्यावर पिठलं केलं. केलं म्हणजे मी शेजारी उभी राहून सांगत होते. मग आपल्या उंचीच्या हिशेबानं माझ्या खांद्याकडं बघितलं, आणि दुसऱ्या दिवशी मिस्त्रीला थांबवून ओटा एकतीस इंचांवर आणला. खर्च आठ हजार. घरातल्या बाईला विचारलं असतं तर फुकटात झालं असतं. माझा नवरा चांगला माणूस आहे, म्हणूनच हे लिहितेय. चांगल्या माणसांच्या घरात हे असं होतं.

वळवाचं थोडक्यात सांगते. एप्रिलात एका दुपारी मागची कौलं काढलेली असताना गारांसकट कोसळला. माजघराच्या भिंतीचा माथा उघडा होता. आम्ही ताडपत्री धरून उभे राहिलो तरी एक कोपरा दोन फूट ढासळला. गल्लीत सगळे म्हणाले, बघा, मातीचं घर. २०१९ च्या ऑगस्टातल्या पुरात आपल्या जिल्ह्यात इतकी मातीची घरं पडली, की माती म्हटलं की माणूस घाबरतो. ती भीती खोटी नाही. खरं भिंतीच्या माथ्यावर आणि पायात पाणी मुरू दिलं नाही म्हणून हीच भिंत आमच्या चार पिढ्या उभी राहिली. बैलहोंगलच्या गवंड्यानं पाडलेल्या भिंतीचीच माती भिजवली, भाताचं पिंजर कापून मळलं, आठवडाभर मुरू दिलं आणि कोपरा पुन्हा चढवला. वरून सिमेंटचा गिलावा करायचं इंजिनिअर म्हणत होता. गवंडी नको म्हणाला, ओल आत अडकते आणि गिलावा पापुद्र्यासारखा सुटतो. चुन्याचा केला. मे महिन्यात माजघरात पंख्याशिवाय झोप लागली.

उतरवलेल्या कौलांवर बासेल मिशनचा शिक्का आणि १८६५ साल होतं. लेक वर्गात सांगून आला की आमचं घर १८६५ चं. मंगळूरचा तो कौलांचा कारखाना त्या साली सुरू झाला, हे त्याला नंतर समजावलं. चांगली निघालेली कौलं धुऊन सोप्यावर परत चढवली.

लेकीची मार्चातली एसएसएलसी परीक्षा टिळकवाडीत आत्याकडं राहून झाली. त्या पंधरा दिवसांत तिला मी दोनदाच भेटले.

मामेबहिणीला मी एवढंच सांगितलंय. इस्टिमेटच्या पहिल्या पानावर पहिल्या तीन ओळी लिहून घे. तात्पुरता संडास आणि न्हाणी. तात्पुरती चूल, पत्र्याच्या आडोशाला, धुळीपासून लांब. म्हाताऱ्या माणसाची झोपायची जागा, जिथून काम संपेपर्यंत कुणी त्यांना हलवणार नाही. ह्या तिन्हींसमोर रक्कम घाल, आणि ती झाल्याशिवाय एक वीट काढू देऊ नकोस. इंजिनिअर हसला तर दुसरा बघ. शक्य असेल तर भाड्यानं जा. आम्ही वाचवलेलं भाडं औषधांत आणि ओट्यात गेलं.

ती म्हणाली, "तू ये गं एकदा, ह्यांच्यासमोर बोल." रविवारी जाणार आहे. टेप घेऊन. आधी तिला उभी करून कोपरापर्यंतची उंची मोजते, मग तिच्या सासूबाईंना विचारते, रात्री किती वेळा उठता.