‘नाइटी नाइट बग्ज’ला ऑस्कर फुकटच मिळालं म्हणे!

कार्टूनवेड्यांमध्ये एक मत कायम फिरत असतं आणि लोक डोळे झाकून ते पुढे ढकलतात: बग्ज बनी या कार्टून सशाला उभ्या कारकिर्दीत एकच ऑस्कर मिळालं, तेही एका सुमार फिल्मला. १९५८ च्या ‘नाइटी नाइट बग्ज’मध्ये गोष्ट नाही, किल्ला आणि चिलखतं म्हणजे मागे टांगलेला पडदा, बाकी सगळी पोरांसाठी आदळआपट. बक्षीस दिलं ते जुनी थकबाकी म्हणून.

गोष्ट नाही? काळ्या सरदाराने गाणारी तलवार पळवलीय. ती परत आणायला कोण जातो, असं राजा आर्थर विचारतो आणि गोलमेजेभोवतीचे एकजात शूरवीर अंग चोरतात. दरबारी विदूषक असलेला बग्ज बोलून जातो, की या कामाला एखादा मूर्खच जाईल. झालं, राजा त्यालाच पिटाळतो. बरं, तलवार उचलावी तर ती गायला लागते, म्हणजे चोरीचा माल स्वतःच बोंब मारणार! सहा-सात मिनिटांत आणखी किती गोष्ट हवी?

पडद्याचा मुद्दा तर साफ उलटा आहे. गाणारी तलवार आकाशातून पडलेली नाही. हॅल फॉस्टर यांच्या ‘प्रिन्स व्हॅलिअंट’ या १९३७ पासूनच्या चित्रमालिकेतल्या नायकाची ती तलवार. १९५४ मध्ये त्यावर हॉलिवूडने मोठा सिनेमा काढला, त्यात काळा सरदारही होता. त्या दशकात चिलखती सिनेमांचं पीकच आलं होतं, आणि दिग्दर्शक फ्रिझ फ्रेलेंग त्यांचीच टर उडवताहेत. विनोदही किल्ल्याच्या सामानातूनच निघतात. काळा सरदार झालेला, बग्जचा नेहमीचा वैरी योसेमिटी सॅम खंदकावरचा पूल खाली सोड म्हणून बाहेरून ओरडतो आणि पूल त्याच्याच डोक्यावर येतो. त्याच्या ड्रॅगनला पडसं झालंय, शिंक आली की आग. शेवटी सॅम आणि ड्रॅगन अडकतात ते दारूगोळ्याच्या बुरुजात. शिंकलास तर आपण चंद्रावर जाऊ, असं सॅम त्याला दरडावतो. शिंक येते, बुरूज रॉकेटसारखा उडतो. फिल्म आली ऑगस्ट १९५८ मध्ये, पहिला कृत्रिम उपग्रह स्पुटनिक उडालेला आदल्या ऑक्टोबरात. थिएटरातल्या प्रेक्षकाला तो चंद्र वेगळा समजावून सांगायची गरज नव्हती. (आर्थरच्या काळात दारूगोळा कुठला, हा आक्षेप ड्रॅगन चालवून घेणाऱ्यांनी घेऊ नये.)

पोरांसाठी? ही फिल्म मुख्य सिनेमाआधी थिएटरात दाखवायला बनली, समोर मोठी माणसंही असायची. ‘बग्ज बनी शो’ अमेरिकन टीव्हीवर आला १९६० मध्ये. आपल्याकडे १९९५ पासून कार्टून नेटवर्कवर, शाळेतून आल्यावर हे बघितलं गेलं, म्हणून हा शिक्का बसला.

राहिली थकबाकी. बग्जच्या फिल्म काढणाऱ्या वॉर्नर ब्रदर्स स्टुडिओला ऑस्करचा दुष्काळ नव्हता. आदल्याच वर्षी फ्रेलेंग यांच्या ‘बर्ड्स अनॉनिमस’ने ते पटकावलं होतं. बग्जचं म्हणाल तर १९४० आणि १९४१ मध्ये त्याच्या फिल्मना नामांकनं मिळाली आणि पुढची कितीतरी वर्षं काहीच नाही. त्यामुळे संशय घ्यायला जागा आहे, पण मतदारांच्या मनातलं कुणी पाहिलंय? त्या वर्षी समोर दोनच होत्या: डिस्नेची ‘पॉल बनियन’ आणि टेरीटून्सची ‘सिडनीज फॅमिली ट्री’. त्या बघा आणि मग बोला. बग्जची सर्वोत्तम फिल्म ही नव्हे, हे मलाही मान्य. माझ्या मते तो मान १९५७ च्या ‘व्हॉट्स ऑपेरा, डॉक?’चा, आणि तिला साधं नामांकनही नव्हतं. पण म्हणून ही सुमार ठरते, हे कुठलं तर्कशास्त्र?

तक्रारच करायची असेल तर वेगळी करा. त्या काळी छोट्या कार्टून फिल्मच्या गटाचं ऑस्कर निर्मात्याला मिळायचं. म्हणून हे लागलं जॉन बर्टन यांच्या नावावर, फ्रेलेंग यांच्या नाही.